सहावा गठ्ठा

आत्माराम रांबाड्यांच्या घरात वस्तू हरवत नाही. हरवायची तिची हिंमतच होत नाही!

रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीच्या अभिलेख कक्षात, म्हणजे जुने कागद जिथे वाळवीची वाट बघत पडून असतात त्या खोलीत, या गृहस्थांनी चौतीस वर्षं काढली. साहेबाने चाळीस वर्षांपूर्वीचा कागद मागितला, तर साहेबाचा चहा निवायच्या आत तो टेबलावर! निवृत्तीच्या समारंभात साहेब म्हणाले, "रांबाडे होते म्हणून या ऑफिसला स्मरणशक्ती होती." हे वाक्य आत्मारामांनी घरी येऊन बायकोला अकरा वेळा ऐकवलं. बाराव्या वेळी प्रेमला म्हणाली, "मंग काल शिलिंडर नोंदवायचा ऱ्हायला, तो कसा?"

तर ही प्रेमला. देवरूखच्या वरच्या अंगाच्या गावातली, वाडीतून लग्न होऊन रत्नागिरीच्या नाचणे भागात आली ती गावाकडची बोली घेऊनच आली. चाळीस वर्षांत ती बोली काही सुटली नाही. आत्मारामांनी प्रयत्न बरेच केले, पण प्रेमलाला शुद्ध बोलायला लावणं म्हणजे खेकड्याला सरळ चालायला शिकवणं!

निवृत्तीनंतर आत्मारामांनी घरातच स्टुडिओ थाटला. कॅमेरा आणला, माइक आणला, संगणक आणला. स्वयंपाकघराच्या खिडकीला जुनी गादी उभी केली, कारण बाहेर रिक्षावाले हॉर्न वाजवतात. पंखा बंद, कारण पंखा घरघरतो. त्या भट्टीत प्रेमलाने उभं राहून कोकणातले पदार्थ करायचे आणि आत्मारामांनी ते जगाला दाखवायचे, असा बेत होता.

बेत चांगला होता. अडचण एकच, की प्रेमलाला हात चालवताना तोंड बंद ठेवता येत नसे!

"ही कुळथाची पिठी," ती कढईत बघत सुरू करी. "आमच्या आयशीला पोरं पाच नि कुळीथ वाटीभर. मंग काय, पानी वाडवायचं नि देवाचं नाव घ्यायचं. अवो, ती मिशीन जरा मागं घ्या, तेल उडंल! आनी ह्यांना ना, मीट जरा कमी पडलं का..."

"कट!" आत्माराम ओरडत. "प्रेमला, हे सगळं अवांतर आहे!"

मग ते संगणकावर बसून तिचा सगळा आवाज कापून काढत आणि वर आपला चढवत. कचेरीतली भाषा त्यांच्या जिभेवरून उतरलेली नव्हतीच. "सदर कुळीथ पीठ प्रथमतः चाळून घेण्यात यावे. तद्नंतर उक्त पिठात आवश्यकतेनुसार पाणी मिसळण्यात यावे. मीठ चवीपुरते असावे, परंतु प्रमाणाबाहेर नसावे." असे सत्त्याऐंशी व्हिडिओ झाले! सर्वांत गाजलेला तीनशे बारा वेळा पाहिला गेला, त्यातले चाळीस वेळा त्यांची मुलगी राजश्री डोंबिवलीत बसून बघत होती.

प्रेमलाने पहिला व्हिडिओ बघितला आणि पदर तोंडाला लावून हसली. "हात माजे नि तोंड तुमचं! बरी जोडी जमली."

गेल्या माघात प्रेमला गेली. सकाळी छातीत कळ आली, रिक्षा येईपर्यंत ओट्याला धरून उभी राहिली, आणि दुपारी दोनला संपलंच.

पुढे आत्मारामांनी जे केलं ते ऐकून तुम्ही त्यांना दगडाच्या काळजाचा म्हणाल. तेरावं झालं, आणि चौदाव्या दिवशी सकाळी दहा वाजता ते छत्री-पिशवी घेऊन बाहेर पडले. रेशनकार्डावरचं नाव कमी. बँकेचं खातं बंद. मोबाइलचा नंबर बंद. तिचा फोन पुसून कोरा करून गावी धाकट्या भावजयीला दिला. माणसं जिवंत माणसाची कामं एवढ्या तत्परतेने करत नाहीत! पण आत्मारामांचं म्हणणं, दुःख करायला बसायचं तर आधी टेबल मोकळं पाहिजे. टेबल मोकळं झालं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की दुःख करायला बसतात कसं, ते आपल्याला कुणी शिकवलेलंच नाही.

म्हणून त्यांनी हार्ड डिस्का आवरायला घेतल्या.

डिस्का होत्या सहा. एकीवर लिहिलं होतं 'नवीन', दुसरीवर 'नवीन दोन', तिसरीवर 'नवीन खरं', चौथीवर 'हे आधी बघणे'. उरलेल्या दोहोंवर काहीच नव्हतं, आणि एकीवर हळदीचं बोट उमटलेलं होतं. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हे बघून घाम फुटला.

सरकारी कचेरीत टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायची पद्धत आहे. पहिल्यात चालू काम, मग उत्तराची वाट बघणारे, असं करत करत शेवटचा सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचा. शिवाय प्रत्येक कागदाला वर्ग असतो. अ म्हणजे कायम जपायचा. ड म्हणजे वर्षभर ठेवायचा आणि फाडून टाकायचा. सहा गठ्ठे आणि सहाच डिस्का! आत्मारामांना वाटलं, हा तर देवाचाच संकेत.

दीड महिना ते रोज दहा ते साडेपाच बसले. मधे दीडला जेवणाची सुट्टी. रजिस्टर आखलं, अनुक्रमांक घातले. तयार झालेले सत्त्याऐंशी व्हिडिओ, अर्थातच अ वर्ग. कापून काढलेले आवाजाचे तुकडे, त्यांना नाव दिलं 'अवांतर बोलणे (पत्नी)', एकूण चारशे सहा नोंदी. ते तुकडे कुठल्याच व्हिडिओत वापरलेले नव्हते. वर्ग ड, गठ्ठा सहावा, म्हणजे सगळे हलवले सहाव्या डिस्केवर!

त्यातल्या बहुतेकांना वर्ष उलटून गेलं होतं. शेवटच्या तीसेक तुकड्यांना उलटलं नव्हतं, ते 'विशेष बाब म्हणून' समाविष्ट केले.

त्यातला एकही त्यांनी ऐकून बघितला नाही. ऐकलं असतं तर हात चालला नसता, हे त्यांना आत कुठेतरी पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ऐकलं नाही.

नष्ट करायच्या कागदांवर साक्षीदाराची सही लागते. शेजारचे सुहास मास्तर सकाळचा चहा प्यायला आले होते, त्यांच्यापुढे रजिस्टर सरकवलं.

"कशावर सही करू?"

"निरुपयोगी अभिलेखावर."

"म्हणजे काय, आत्मारामपंत?"

"कचरा."

"मग द्या पेन!"

आणि कागद नष्ट करायचा म्हणजे असा, की कुणाला जोडून वाचता येता कामा नये. नुसतं पुसून आत्मारामांचं समाधान होणार नव्हतं. त्यांनी पुस्तिका वाचून, त्या डिस्केच्या पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत, जुनं सगळं बुजून जाईल असं, शून्य भरायचा कार्यक्रम लावला. दिवसभर ती डिस्क घुर्रघुर्र करत होती. संध्याकाळी नव्व्याण्णव टक्क्यांवर लाइट गेली! आत्मारामांनी वायरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'नष्ट. किरकोळ उर्वरित.' खाली सही आणि तारीख. त्या रात्री त्यांना दोन महिन्यांनी प्रथमच गाढ झोप लागली.

पौष महिन्यात राजश्रीचा फोन आला.

"बाबा, आईचा आवाज पाठवा ना मला."

"कोणत्या विषयातला?"

"विषय कसला, बाबा! नुसता आवाज. परवा भाकरी थापत होते. आई काय म्हणाली असती ते आठवायला गेले, तर चेहरा आला आणि आवाज येईचना. मी घाबरले हो. आवाज विसरतेय का मी तिचा?"

"त्यात घाबरायचं काय!" आत्माराम खुर्चीत ताठ झाले. कचेरी सोडल्यापासून असं रीतसर मागणीपत्र त्यांच्याकडे कुणाचं आलं नव्हतं. "इथे सगळं वर्गवारीने लावलेलं आहे. दोन मिनिटांत देतो!"

"नको, आता पाठवू नका. मी एकटीने ऐकलं तर रडत बसेन. वर्षश्राद्धाला गावी येतेच आहे, तेव्हा सगळ्यांच्यात लावू. मी सहदेवकाकाला सांगते."

सहदेव हा आत्मारामांचा धाकटा भाऊ, देवरूखजवळच्या गावी राहणारा. त्याला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. तासाभरात वाडीच्या ग्रुपवर मजकूर पडला: 'वर्षश्राद्धाला कै. प्रेमलावैनीचा आवाज ऐकवणेत येणार आहे. मुंबईकरांनी अवश्य यावे.' संध्याकाळपर्यंत त्याने जाखडीच्या नाचाला लावतात ते दोन मोठे स्पीकर ठरवले. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या सतरा माणसांनी येतो म्हणून कळवलं.

आत्मारामांनी शांतपणे अ वर्गाची डिस्क लावली. पहिला व्हिडिओ उघडला. प्रेमलाचे हात तांदूळ धूत होते.

"सदर तांदूळ दोन वेळा धुऊन घेण्यात यावेत."

दुसरा उघडला. "उक्त वाटण मंद आचेवर परतण्यात यावे."

दहावा. तिसावा. साठावा. सगळीकडे प्रेमलाचे हात, आणि सगळीकडे आत्माराम! तेविसाव्या व्हिडिओत तर तिचे ओले हात मधेच थांबून हवेत काहीतरी सांगत होते, भरभरून, बोटं पसरून, आणि वरून हा माणूस सांगत होता, "खोबरे किसून बाजूला ठेवण्यात यावे."

मग त्यांना सहावा गठ्ठा आठवला. चारशे सहा नोंदी, शेरा 'नष्ट', खाली स्वतःची वळणदार सही. आत्माराम रजिस्टर पुढ्यात घेऊन जेवायच्या सुट्टीपर्यंत बसून राहिले आणि जेवले नाहीत.

पण चौतीस वर्षांत हरलेला माणूस नव्हता तो! दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू झाला. भावजयीला फोन केला. "अगो, त्या फोनमध्ये तुझ्या जावेचं काही शिल्लक आहे का?"

"नाय हो, भावोजी. तुमीच तर कोरा करून दिलात. इतका साफ, की मना आदी वाटलं नवाच आनलात!"

मोबाइल कंपनीकडे चौकशी केली. नंबर केव्हाच दुसऱ्या कुणाला दिला होता. आत्मारामांनी तो लावून बघितला. पलीकडून एक माणूस म्हणाला, "हां, बोला, कोळंबी किती हवी?" त्यांनी फोन ठेवून दिला.

शेवटी राजश्रीच्या लग्नाची सीडी आठवली! त्यात प्रेमला होती, हिरव्या शालूत, लेकीला जवळ घेऊन रडत रडत काहीतरी सांगत होती. आत्माराम टीव्हीला नाक लावून बसले. आणि व्हिडिओवाल्याने त्या सगळ्या प्रसंगावर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सनई लावली होती!

"गाढव!" आत्माराम टीव्हीवर ओरडले. "माणसाचा आवाज कापतात का असा?"

आपण काय बोललो ते त्यांना जरा वेळाने कळलं. मग त्यांनी टीव्ही बंद केला.

राजश्रीचा फोन आला. "बाबा, काढून ठेवलंत ना?"

"अं... बघतोय. म्हणजे आहे, पण..." इथे आत्मारामांचा गळा खरोखरच भरून आला.

"कळलं मला," ती हळूच म्हणाली. "ऐकवत नाही ना तुम्हाला? नका ऐकू एकटे. आपण सगळे मिळून ऐकू."

आता खरं बोलायची वेळ होती. आत्माराम म्हणाले, "हं."

त्या एका 'हं'चं पुढे काय झालं म्हणाल, तर राजश्रीने काकाला सांगितलं, की बाबांना आवाज ऐकून रडू आवरत नाही, आणि सहदेवने त्यातून अर्थ काढला, की वैनीचा आवाज बक्कळ आहे. संध्याकाळी त्याचा फोन. "दादा, भटजींना सांगितलंय, विधी बाराला आटपा. बारा ते दोन वैनी!"

"दोन तास?"

"कमी पडतील काय? मंग जेवनं अडीचला ठेवतो!"

वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी आत्माराम सहावी डिस्क पिशवीत घालून साळवी स्टॉपजवळ नितेशच्या दुकानात गेले. नितेश हा पस्तिशीतला माणूस, संगणक दुरुस्त करणारा, हुशार म्हणून गावभर नाव असलेला.

"फॉरमॅट मारलात ना, काका? त्यात काय एवढं! येईल परत. फॉरमॅटनं काय जात नाय."

"नुसतं फॉरमॅट नाही. शून्य भरलं."

नितेशचा स्क्रू ड्रायव्हर थांबला. "शून्य? सगळीकडं? कोनी सांगितलंन?"

"नियमच आहे तो. नष्ट केलेला कागद कुणाला वाचता येता कामा नये."

"पन कोन वाचनार होतं, काका?"

हा प्रश्न चौतीस वर्षांत त्यांना कुणी विचारला नव्हता. ते दुकानातल्या कॅलेंडरकडे बघत बसले.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी नितेशने बोलावलं. हातात पेन ड्राइव्ह ठेवला. "काका, येकच फाइल गावली. येकोनीस सेकंद. अगदी शेवटाला शून्य भरायचं ऱ्हायलं होतं, तिथं होती. लाइट गेली असनार मधेच."

"गेली होती," आत्माराम म्हणाले. "मी शिव्या घातल्या."

"बाईमानसाचा आवाज हाय. ऐकवू?"

"नको. माझी देवरूखची एसटी जाईल." त्यानंतर अजून तीन एसट्या होत्या. पण ऐकायची छाती होत नव्हती, आणि दुकानात रडायची त्याहून नव्हती.

गावी मांडव घातला होता. पिंड ठेवले, कावळा शिवला. स्पीकरवाला "हॅलो, हॅलो" करून आख्खी दरी जागी करत होता. सत्तरेक माणसं चटयांवर बसली. पुढे प्रेमलाची थोरली बहीण गोदाआक्का बसली होती, हात मांडीवर ठेवून, लग्नाला आल्यासारखी नीट नेसून.

आत्मारामांनी राजश्रीला पडवीच्या कडेला ओढलं. "राजू, जरा कमी आहे ते."

"किती आहे?"

"एकोणीस."

"तास? अहो बाबा, एवढं..."

"नाही."

"मिनिटं? चालेल की!"

"सेकंद."

राजश्रीने त्यांच्याकडे बघितलं. "आणि बाकीचं?"

"मी नष्ट केलं," आत्माराम म्हणाले. "रीतसर. मला वाटलं ते अवांतर आहे. राजू, मी चुकलो गो."

राजश्रीचं नाक लाल झालं. तिने त्यांच्या मुठीतून पेन ड्राइव्ह काढून घेतला आणि स्वतः जाऊन स्पीकरवाल्याच्या हातात दिला. "लावा," ती म्हणाली.

सहदेवने हात जोडले.

आधी आली फोडणी. मोहरी तडतडली, ती एवढ्या मोठ्यांदा की मागच्या रांगेतलं पोर दचकून रडायला लागलं. मग बांगड्या वाजल्या. आणि मग ती. अगदी ती! घामाने भिजलेली, जरा दमलेली, आणि कसल्यातरी खुशीत असलेली.

"अवो, ह्ये बगा..."

"शूऽऽ!" जाखडीच्या दोन स्पीकरांतून आत्माराम रांबाडे गरजले. "बोलू नको मधेमधे! आवाज येतोय!"

त्यानंतर नुसती कढई. फोडणी निवत गेली आणि फाइल संपली.

आत्माराम मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. कुणीतरी हसावं, निदान शिवी तरी द्यावी, असं त्यांना फार वाटत होतं.

"परत लाव," राजश्री म्हणाली.

परत लागलं. परत मोहरी, परत बांगड्या, परत "अवो, ह्ये बगा", आणि परत आत्मारामांनी बायकोला गप्प केलं. राजश्री डोळे मिटून ओठांनी तिच्याबरोबर म्हणत होती. "परत." सहा वेळा झालं. सहाही वेळा भर मांडवात, सत्तर माणसांच्या देखत, तो माणूस तिच्यावर त्याच जोरात खेकसला. सातव्या वेळी सहदेवने हळूच स्पीकरचं बटण फिरवून भावाचा आवाज कमी करायला बघितलं, तर तिचाही कमी झाला. त्याने बटण परत होतं तिथे नेलं.

मग गोदाआक्का उठली. गुडघ्यावर हात देत आत्मारामांजवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखरची चौकशी होती.

"भावोजी, ती बगा म्हनाली. काय दाकवत व्हती ती तुमाला?"

आत्मारामांनी आठवून बघितलं. सगळा जीव एकवटून आठवून बघितलं. 

"माहीत नाही, आक्का. मी कढईकडे बघत होतो."

"व्हय," गोदाआक्का म्हणाली. मग पदर खोचला आणि मागच्या दाराकडे वळून हाक मारली, "पोरीनु, पानं मांडा गो. बारा ते दोन काय ऐकायचं नाय आता."